कोंडिविट्याहून निघालेला धर्मग्राम

अंधेरी पूर्वेच्या सीप्झमध्ये शिरायचं तर गळ्यात ओळखपत्र लागतं. निर्यातीचा माल बनवणाऱ्या कारखान्यांसाठी १९७३ साली राखून ठेवलेलं हे क्षेत्र. हिरे-दागिने घडवणारे आणि संगणकासमोर बसणारे हजारो लोक रोज सकाळी इथल्या फाटकांतून आत जातात. आपल्या कंपनीपासून काही मिनिटांच्या अंतरावर जवळजवळ साडेचारशे वर्षांपूर्वीचं एक चर्च उभं आहे, हे त्यांतल्या पुष्कळांना ठाऊकही नसतं. छप्पर कधीच गेलेलं. उरल्यात त्या काळवंडलेल्या दगडी भिंती, काही कमानी आणि त्यांच्या फटींत रुजलेली झाडं. बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या नावाचं हे चर्च जेजुइट धर्मगुरूंनी १५७९ मध्ये बांधलं, तेव्हा भोवती कोंडिविटे गाव होतं आणि गावाभोवती भातखाचरं.

मे महिन्यातल्या एका रविवारी हे फाटक वेगळ्याच माणसांसाठी उघडतं. त्या दिवशी मरोळ, चकाला, कोंडिविटे, सहार अशा जुन्या गावठाणांतली कुटुंबं आत येतात. उघड्या आभाळाखाली वेदी मांडली जाते आणि पवित्र मिस्सा होते. संत योहानाचा सण खरं तर २४ जूनचा, पण तोवर मुंबईत पाऊस लागलेला असतो आणि या चर्चला छप्पर नाही. मिस्सा संपली की माणसं भिंतींवरून हात फिरवतात, पोरांना दाखवतात, फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओळखपत्रं सुरू.

हे चर्च १८४० च्या सुमारास ओस पडलं. त्याला कारण ना लढाई, ना कोणी केलेली मोडतोड. गावात साथ आली, माणसं पटापट दगावू लागली आणि जी उरली त्यांनी गाव सोडलं. ती मरोळला येऊन राहिली आणि तिथे त्यांनी नवं चर्च उभारलं, तेही योहानाच्याच नावानं. फक्त हा योहान दुसरा, शुभवर्तमान लिहिणारा. जुन्या चर्चमधल्या मूर्ती आणि बाप्तिस्म्याचं पात्र नव्या चर्चमध्ये आणलं गेलं, असं इथल्या परंपरेत सांगतात. भिंती आणता येत नव्हत्या, त्या मागे राहिल्या.

मराठी कॅथलिक बोलण्यात ‘पॅरिश’ला एक सुंदर शब्द आहे : धर्मग्राम. त्यात ‘ग्राम’ आहे हे फार नेमकं आहे. एका चर्चच्या हद्दीत राहणाऱ्या सगळ्या कॅथलिक कुटुंबांचं मिळून एक गाव, मग ती चाळीत राहोत, झोपडपट्टीत राहोत की पंचविसाव्या मजल्यावर. कोंडिविट्याच्या लोकांनी १८४० मध्ये आपला धर्मग्राम चर्चमधून उचलला आणि पायी चालत मरोळला नेला. मुंबईच्या उपनगरांतलं ख्रिस्ती जीवन समजून घ्यायचं तर या चालण्यापासून सुरुवात करावी लागते, कारण हे चालणं पुढेही थांबलेलं नाही.

साष्टीतल्या, म्हणजे आजच्या मुंबईच्या उपनगरांतल्या, या ख्रिस्ती वस्तीचा उगम डिसेंबर १५३४ च्या वसईच्या तहात आहे. गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि त्यांच्या मागोमाग फ्रान्सिस्कन आणि जेजुइट धर्मगुरू आले. तो काळ धर्मावर धर्मानं केलेल्या आक्रमणाचाही होता, हे झाकण्यात अर्थ नाही. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरच्या शैव लेण्यांत फ्रान्सिस्कनांनी चर्च थाटलं, लेण्यांच्या माथ्यावर मठ आणि विद्यालय बांधलं. सहाव्या शतकाच्या आसपास कोरलेल्या लेण्यातल्या एका शिल्पाचा पृष्ठभाग तासून त्यावर क्रूस कोरला, तो आजही दिसतो. पुढे १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, साष्टीही मराठ्यांकडे आली आणि मंडपेश्वरची लेणी पुन्हा शिवाची झाली. माथ्यावरच्या इमारतीचे अवशेष अजून उभे आहेत आणि त्या अवशेषांपासून हाकेच्या अंतरावर, आयसी कॉलनीत, निष्कलंक मातेचं चर्च रविवारी माणसांनी भरून वाहतं. कॉलनीचं नावही या चर्चवरूनच पडलं : आयसी म्हणजे इमॅक्युलेट कन्सेप्शन. एकाच टेकाडाच्या अंगाखांद्यावर शंकराची पूजा आणि मरियेची जपमाळ आज शेजारी शेजारी चालते.

पोर्तुगीज सत्ता गेली, तरी ख्रिस्ती माणसं इथेच राहिली. ती राहणारच होती. ती इथलीच होती. भंडारी, कोळी, कुणबी, आगरी, शेतं कसणारी आणि ताडी उतरवणारी. गोव्याहून आलेल्या आणि इथल्याच देशी धर्मगुरूंनी चर्चेस चालू ठेवली. भाषाही मराठीच राहिली, उत्तर कोकणच्या वळणाची. फादर थॉमस स्टीफन्स यांचं १६१६ चं ‘क्रिस्तपुराण’ मराठी वाचकाला निदान नावानं माहीत असतं. फ्रान्सिस्को वाझ दे गिमारायश यांचं १६५९ मध्ये लिस्बनला छापलेलं पुराण मात्र फारसं कोणाला ठाऊक नाही. येशूच्या दुःखसहनाची ही कथा त्यांनी मुंबई-साष्टीच्या बोलीत, ओवीच्या चालीवर रचली आणि उपवासकाळात ती घराघरांतून गायली जायची. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या ग्रंथाला मिळालेली जागा त्याच्या वाट्यापेक्षा फार थोडी आहे. अंधेरी-मालाडच्या शेतकऱ्यानं सतराव्या शतकात कोणत्या शब्दांत शोक केला असेल, हे जाणून घ्यायचं तर त्याच्याकडेच जावं लागेल.

या समाजाला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव फार उशिरा, १८८७ मध्ये मिळालं. गोवा आणि मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या कॅथलिकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून इथल्या मूळ रहिवाशांनी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ काढली. नाव इंग्रजी असल्यामुळे पुढे मोठा गैरसमज झाला. ही माणसं कोणीतरी बाहेरची, अर्धी साहेबी, असं शेजाऱ्यांनाच वाटू लागलं. लोकमान्य टिळकांचे सहकारी, होमरूल चळवळीतले नेते आणि १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले जोसेफ ‘काका’ बाप्टिस्टा याच समाजातले होते. घराणं मूळचं उत्तनचं. सुती लुगडं काष्टा मारून नेसणारी म्हातारी आणि लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर ‘उंबराचं पाणी’ आणायला जाणाऱ्या बायका पाहिल्या की तो गैरसमज टिकत नाही.

*

उपनगरातल्या एखाद्या मध्यम आकाराच्या चर्चचा रविवार सकाळी सहा-साडेसहाला सुरू होतो. वेदीपाशी धर्मगुरू एक किंवा दोन दिसतात, पण त्यांच्यामागे साठ-सत्तर माणसांनी आठवडाभर केलेलं काम असतं. आजची वाचनं कोण करणार, त्याची यादी महिन्याच्या सुरुवातीला लागलेली असते. वाचक घरी मोठ्यानं सराव करून येतो, कारण यशयाच्या ग्रंथातली नावं ऐनवेळी जिभेवर अडखळतात. लांब पांढरे झगे घालून वेदीसेवक मुलं-मुली घंटा आणि मेणबत्त्या सांभाळतात. कॉयरचा सराव शुक्रवारी नाहीतर शनिवारी रात्री झालेला असतो. दारात उभं राहून म्हाताऱ्यांना हात देणारे, दानाच्या पिशव्या फिरवणारे, मिस्सेनंतर ऑफिसात बसून नाणी-नोटा मोजून दोघांच्या सहीनं नोंद करणारे, फुलं लावणाऱ्या बायका, वेदीवरची कापडं घरी नेऊन धुऊन-इस्त्री करून आणणारी एखादी मावशी. यांतल्या कोणालाच पगार नाही.

या कामांना हल्ली ‘मिनिस्ट्री’ म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी अर्थ सेवा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (१९६२-६५) प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांना, चर्चच्या कामात हक्काची जागा दिली. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची, धर्मगुरू लोकांकडे पाठ करून उभा असायचा आणि लोक आपापली जपमाळ ओढायचे. मुंबईकरांनी हा बदल अगदी जवळून पाहिला. १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इथे आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस भरली आणि पोप पॉल सहावे स्वतः आले; भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. अंधेरीला महाकाली केव्ह्ज रोडवर ज्ञान आश्रम चालवणारे धर्मगुरू जॉर्ज प्रोक्श यांनी भारतीय राग आणि नृत्य चर्चच्या उपासनेत आणण्यासाठी आयुष्य घातलं, तेही याच काळात.

सेवांच्या या यादीतल्या दोन सेवा सगळ्यांत शांतपणे चालतात आणि सगळ्यांत जास्त करून जातात.

पहिली, आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद पोचवण्याची. ज्यांना जिने उतरता येत नाहीत अशा वृद्धांच्या घरी नेमून दिलेली माणसं जातात. एका छोट्या गोल डबीत प्रसादाची भाकर असते आणि ती डबी छातीशी धरून नेतात. जाणारा माणूस बहुधा निवृत्त शिक्षक नाहीतर बँकेतली बाई असते. जिथे जायचं त्या घरात टेबलावर पांढरं कापड, मेणबत्ती आणि क्रूस आधीच मांडून ठेवलेला असतो. प्रार्थना पाच-सात मिनिटांची, पण भेट अर्धा तास चालते, कारण मुलं कॅनडाला किंवा दुबईला आहेत आणि आठवड्यातून एकदा येणारं माणूस हेच. औषधाची पट्टी संपली आहे, नळ गळतो आहे, मोलकरीण चार दिवस आलेली नाही, हे सगळं त्या अर्ध्या तासात कळतं. मग संध्याकाळी कोणीतरी प्लंबर घेऊन येतं. उपनगरातल्या एकट्या म्हाताऱ्यांच्या प्रश्नावर आपण परिसंवाद पुष्कळ भरवतो. इथे दर आठवड्याला एक माणूस जिना चढतो, आणि त्यासाठी कोणतीही योजना जाहीर करावी लागलेली नाही.

दुसरी सेवा सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीची. फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपल्या मित्रांबरोबर १८३३ मध्ये पॅरिसमध्ये ती सुरू केली. गरिबाला मदत करायची तर त्याच्या घरी जाऊन करायची, आणि एकट्यानं नाही तर जोडीनं जायचं, हा तिचा शिरस्ता. आजही मुंबईच्या धर्मग्रामांत तिचे सदस्य आठवड्याला एकत्र बसतात, प्रार्थना करतात आणि बैठकीतच एक पिशवी फिरवतात. कोणी किती घातलं ते कोणालाच कळत नाही. मग दोघं दोघं बाहेर पडतात. एका घराला महिन्याचा किराणा, दुसऱ्याला शाळेची फी, तिसऱ्याला पावसाआधी पत्र्यावर टाकायला ताडपत्री. दाराआडचं माणूस कोणत्या धर्माचं, हा प्रश्न त्यांच्या नियमात बसत नाही. मदत घेणाऱ्याचं नाव चर्चच्या फलकावर कधी लागत नाही. दान देणाऱ्याचं नाव संगमरवरात कोरायची सवय असलेल्या या शहरात ही गुप्तता सांभाळणं सोपं नाही, आणि ती सांभाळली जाते म्हणूनच प्रतिष्ठित कुटुंबंही अडचणीच्या वेळी इथे तोंड उघडू शकतात.

बाकीच्या सेवाही आहेत. मरियेची सेना, म्हणजे लीजन ऑफ मेरी, १९२१ मध्ये डब्लिनला सुरू झालेली. तिच्या बायका दवाखान्यांत आणि घरोघरी फिरतात. रविवारची धर्मशिक्षणाची शाळा आहे. पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी आठ-नऊ वर्षांच्या मुलांना तयार करणं आणि दृढीकरणाआधी पंधरा-सोळा वर्षांच्यांच्या अवघड प्रश्नांना तोंड देणं, ही तिथल्या शिक्षकांची परीक्षा. तरुणांचे गट आहेत, महिलांचा कक्ष आहे, नागरी प्रश्नांचा कक्ष आहे. पैशाअडक्यासाठी अर्थसमिती आहे. १९८३ च्या चर्चच्या कायद्यानं ती प्रत्येक धर्मग्रामात सक्तीची केली. साष्टीतल्या जुन्या कागदांत चर्चच्या मालमत्तेच्या व्यवस्थेला ‘फाब्रिका’ म्हणतात आणि मिरवणुकीत अंगावर रंगीत झूल घेऊन चालणाऱ्या बंधुसंघाला ‘कॉन्फ्रारिया’. नवी समिती म्हणजे त्यांचीच पुढची पिढी म्हणायची.

यापेक्षा मोठा बदल १९८० च्या दशकात झाला. धर्मग्राम हजारोंचे झाले होते, शेजारी शेजाऱ्याला ओळखेनासा झाला होता. तेव्हा पुढे मुंबईचे सहायक बिशप झालेले बॉस्को पेन्हा यांच्या पुढाकारानं लघु ख्रिस्ती समूहांची कल्पना मुंबईच्या धर्मप्रांतात रुजली. एका गल्लीतली, एका-दोन इमारतींतली वीस-चाळीस कुटुंबं म्हणजे एक समूह. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी हॉलमध्ये खुर्च्या मांडायच्या, बायबलमधला एक उतारा वाचायचा, त्याचा आपल्या आठवड्याशी काय संबंध ते बोलायचं आणि चहा-समोसा घेऊन उठायचं. कोणाकडे मयत झाली की पहिला फोन या समूहाच्या प्रमुखाला जातो. शववाहिका, दफनभूमीतली जागा, वर्तमानपत्रातली सूचना, घरच्यांना दोन दिवस जेवण, हे मग आपोआप वाटून घेतलं जातं. समूह सगळीकडे सारखे चालत नाहीत. काही ठिकाणी पाच-सहा बायकाच दर वेळी येतात आणि पुरुष मंडळी क्रिकेटचा सामना संपायची वाट पाहतात. पण मयतीला सगळे येतात.

*

साथी या वस्तीचा पिच्छा सोडत नाहीत. १८४० ची साथ कोंडिविट्याला उठवून गेली. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले आणि पुढच्या काही वर्षांत हा रोग मुंबईभर आणि उपनगरांच्या गावांत फिरला. त्या भयात गावोगावच्या लोकांनी पाखाडीच्या तोंडाशी, विहिरीजवळ, तिठ्यावर क्रूस उभारले : आम्हाला वाचव, किंवा वाचवलंस म्हणून. आज अंधेरी-चकाल्याच्या, मरोळच्या गल्ल्यांत रिक्षा वळताना अचानक एखादा पांढरा दगडी क्रूस समोर येतो, हार घातलेला, कधी काचेच्या पेटीत. त्यांतले बरेचसे त्या काळातले.

हे क्रूस म्हणजे चर्चबाहेरची चर्चेस आहेत. मे महिन्यात संध्याकाळी गल्लीतली माणसं तिथे जमतात, जपमाळ म्हणतात, लदाईन गातात. ‘लदाईन’ हा शब्द पोर्तुगीजच. अर्थ, मरियेच्या नावांची आळवणी. ती संपली की उकडलेले चणे वाटतात. क्रूसासमोर पथारी टाकून बसलेला भाजीवाला, समोरच्या चाळीतली मुस्लीम आणि हिंदू पोरं, सगळ्यांच्या ओंजळीत चणे पडतात. रस्ता रुंद करताना हे क्रूस अडचणीचे ठरतात आणि मुंबईत काही पाडलेही गेले. खाजगी जागेतला सव्वाशे वर्षांचा क्रूस आणि अनधिकृत बांधकाम यांतला फरक कागदावर सिद्ध करायची पाळी मग त्या गल्लीतल्या लोकांवर येते. हा अन्याय आहे आणि तो तसाच म्हटला पाहिजे.

मार्च २०२० मध्ये चर्चेस बंद झाली. नोव्हेंबरमध्ये थोडी उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली सगळी प्रार्थनास्थळं उघडली तेव्हाच पुन्हा पूर्ववत होऊ लागली. एवढा काळ रविवारची मिस्सा मोबाइलच्या पडद्यावर. पवित्र आठवड्यात झावळ्यांची मिरवणूक नाही, गुड फ्रायडेला क्रूसाची वाट नाही, नाताळची मध्यरात्रीची गर्दी नाही. पण समूहांच्या याद्या तयार होत्या. कोणत्या घरात कोण एकटं आहे, कोणाची रोजी बुडाली आहे, हे शोधायला सर्वेक्षण लागलं नाही. किराण्याच्या पिशव्या त्या यादीबरहुकूम पोचल्या. दफनाची पद्धतही तेव्हा ढवळून निघाली. दहनाला कॅथलिक चर्चनं १९६३ मध्येच मुभा दिली होती, तरी मुंबईच्या कॅथलिक घरांत ती गोष्ट परकी वाटायची. कोविडनं ती अनेकांच्या घरात आणली. जागेच्या टंचाईमुळे इथे थडगं कायमचं नसतंच. ठरावीक काळानं ते उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि जागा दुसऱ्या मयताला देतात. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्या कोनाड्यांपुढे फुलं आणि मेणबत्त्यांची एवढी दाटी होते की उभं राहायला जागा मिळत नाही.

*

घाटकोपर-मुलुंडकडे चित्र वेगळं. तिथल्या धर्मग्रामांची घडण मुख्यतः विसाव्या शतकातली, नोकरीच्या शोधात आलेल्यांनी केलेली. मुलुंडचं चर्च पोप दहावे पायस यांच्या नावाचं आहे, आणि त्यांना संत जाहीर केलं गेलं तेच मुळी १९५४ मध्ये. इथे गावठाणाची आठवण कमी आणि लोकलची जास्त. गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, तमिळनाडूचे लोक एकाच बाकावर बसतात. केरळच्या सिरो-मलबार पंथाच्या लोकांसाठी १९८८ मध्ये कल्याणला स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा एकाच इमारतीतली दोन कॅथलिक कुटुंबं दोन वेगळ्या बिशपांच्या अधिकारात गेली. शेजार मात्र तोच राहिला.

आणि याच उपनगरांत घाटावरचे मराठी कॅथलिकही येऊन राहिले. नगर जिल्ह्यातल्या, जालन्याकडच्या गावांतले. त्यांच्या पूर्वजांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिशनऱ्यांनी दीक्षा दिलेली, बहुतेक दलित. मुंबईत ती बांधकामावर आली, घरकामाला आली, महापालिकेत लागली. सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, तिला जाणाऱ्यांत मुंबईकर थोडे नसतात. रविवारच्या मराठी मिस्सेला बाकं भरतात ती यांच्यामुळे. गावठाणातल्या तरुण ईस्ट इंडियन मुलाची मिस्सा इंग्रजीत, शाळा इंग्रजीत आणि आजीशी बोलणं तेवढं बोलीत. ज्यांच्या पूर्वजांनी तीनशे साठ वर्षांपूर्वी ओवीत दुःखसहन गायलं, त्यांच्या नातवंडांना मराठी प्रार्थना वाचताना अडखळायला होतं. या गोष्टीची खंत धर्मगुरूंनी करावी तशी मराठी साहित्यसंस्थांनीही करायला हवी होती. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केलं, साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवला आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं, तेव्हा ही मराठी पहिल्यांदा मोठ्या मांडवात ऐकू आली. २०२४ च्या जुलैत ते गेले. मांडवाबाहेर, चकाल्याच्या किंवा गोराईच्या पाखाडीत बोलली जाणारी बोली नोंदवून ठेवण्याचं काम अजून बरंच बाकी आहे.

शेतं गेली, तरी शेताचा सण राहिला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या आसपास ईस्ट इंडियन गावांत आगेरा साजरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांना आशीर्वाद द्यायचा, वाजतगाजत मिरवणूक काढायची आणि एकेक लोंबी घरी नेऊन देवाच्या तसबिरीला लावायची. अंधेरीची खाचरं विमानतळ, आरे कॉलनी, एमआयडीसी आणि सीप्झ यांनी कधीच गिळली. आता जिथे स्वतःचं भात नाही तिथे ते गोराई-वसईकडून आणावं लागतं. काही जणांना हे नाटकी वाटतं. पण घरात उगवलेल्या भातापेक्षा विकत आणलेल्या लोंबीला जपण्यासाठी जास्त निश्चय लागतो, हेही खरं. त्याच मिरवणुकीत बायकांची लुगडी कपाटातून बाहेर येतात. घरी फुगे तळले जातात, आणि उन्हाळ्यात भाजून-कुटून बिअरच्या गडद बाटल्यांत दाबून भरलेला बॉटल मसाला कालवणात पडतो. पावाच्या पिठात नारळाचं दूध घालून केलेले ते गोल फुगे आणि त्याबरोबरचं तिखट कालवण ज्यानं एकदा खाल्लं, त्याला ही माणसं बाहेरची आहेत असं पुन्हा कोणी पटवू शकणार नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रोचं सीप्झ स्थानक सुरू झालं. कोंडिविट्याच्या जमिनीखालून आता गाड्या धावतात. मरोळ नाक्यावर दोन मेट्रो एकमेकींना छेद देतात आणि त्या परिसरात जुन्या बैठ्या घरांच्या जागी मनोरे उठताहेत. घर पुनर्विकासाला गेलं की कुटुंब तात्पुरतं म्हणून मीरा रोडला किंवा ठाण्याला जातं आणि पुष्कळदा तिथलंच होतं. मग तिथल्या धर्मग्रामात जाऊन आपलं नाव नोंदवायचं, नव्या समूहात चहा-समोसा खायचा, नव्या कॉयरमध्ये मागच्या रांगेत उभं राहायचं. जुन्या चर्चच्या सणाला मात्र यायचंच.

प्रत्येक धर्मग्रामाच्या ऑफिसात एका कपाटात मोठ्या जाड वह्या असतात : बाप्तिस्म्याची, लग्नाची, मयताची. जुन्या पानांवरची शाई तपकिरी झालेली, नोंदी पोर्तुगीजमध्ये किंवा लॅटिनमध्ये, पुढे इंग्रजीत. जमिनीच्या दाव्यात, वारसाच्या कामात, जातीच्या दाखल्यासाठी अजूनही लोक या वह्यांपाशी येतात. बाप्तिस्म्याच्या वहीत प्रत्येक नोंदीशेजारी समास कोरा सोडलेला असतो. मरोळला बाप्तिस्मा झालेल्या मुलीचं लग्न पंचवीस वर्षांनी मुलुंडला लागलं, तर मुलुंडच्या ऑफिसातून मरोळला एक पत्र येतं : अमुक तारखेला, अमुक चर्चमध्ये, अमक्याशी. ऑफिसातली बाई कपाट उघडते, त्या वर्षाची वही काढते, बोटानं ओळ शोधते आणि तिच्या नावाशेजारच्या समासात ते बारीक अक्षरात लिहून ठेवते.